दीड जीबी दुपारीच का संपतो

कुणीतरी विचारलंय की रोजचा दीड जीबीचा पॅक मुलांना दुपारपर्यंतही का पुरत नाही, एवढं बघतात तरी काय. बघितलेल्याबरोबर न बघितलेलंही बरंच जातं. रील चालू असतानाच ॲप पुढच्या दोनचार रील आधीच उतरवून ठेवतं. बोटाने सरकवून दिल्या तरी डेटा गेलेलाच. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये मीडिया क्वालिटीखाली डेटा सेव्हर आहे, तो चालू करा. यूट्यूबला ४८० पीवर तासाला साधारण अर्धा जीबी लागतो, १०८० पीवर दीड जीबी सहज. फळ्यावरचं लेक्चर ४८० पीला व्यवस्थित वाचता येतं.

व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन मोबाइल डेटावरचं ऑटो-डाउनलोड पूर्ण बंद करा. क्लासच्या ग्रुपवर एकच पीडीएफ पाच जण टाकतात, ती पाचदा कशाला उतरवायची!

पण खरा चोर वेगळाच: हॉटस्पॉट, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं. लॅपटॉप त्याला साधं वायफाय समजतो आणि विंडोजचे अपडेट निमूटपणे ओढत बसतो. त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे इथला डेटा मोजका आहे अशी खूण) चालू केलं की बहुतेक अपडेट थांबतात. वनड्राइव्हचं सिंकही तपासा, म्हणजे लॅपटॉपमधल्या फायली आपोआप ऑनलाइन चढवणं-उतरवणं.

डेटा संपला की बहुतेक पॅकवर वेग ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट) येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. साधे मेसेज जातात, पण यूपीआय मध्येच अडकू शकतं. अशा वेळी पैसे पुन्हा पाठवण्याआधी व्यवहाराची स्थिती बघा, नाहीतर दोनदा जातील.