पंधरा वर्षांच्या सर्व नस्त्या मागणाऱ्या अर्जाला उत्तर काय द्यावे?

विचारणा : नवी जन माहिती अधिकारी, ठाणे

नमस्कार. ठाण्यातील एका सार्वजनिक कार्यालयाच्या बांधकाम शाखेत मी काम करते. दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे जन माहिती अधिकाऱ्याची जबाबदारी आली. गेल्या आठवड्यात माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली जोडपत्र ‘अ’ या अर्जाच्या नमुन्यात आलेला एक अर्ज माझ्यासमोर आहे. तो अवघ्या चार ओळींचा आहे, पण त्यात १ जानेवारी २०१० पासून आजपर्यंत आमच्या हद्दीत झालेल्या रस्ते, गटारे व पदपथांच्या सर्व कामांची अंदाजपत्रके, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयके आणि ‘त्यासंबंधीचा सर्व पत्रव्यवहार’ साक्षांकित प्रतींच्या स्वरूपात मागितला आहे.

मी अभिलेख कक्षात जाऊन नस्त्या (फायली) मोजल्या तेव्हा नोंदवहीनुसार त्या ४१२ भरल्या. पाच नस्त्या उघडून पाहिल्या, त्यांत सरासरी १२० पृष्ठे निघाली. म्हणजे एकूण पृष्ठे ४९,४४० आणि प्रतिपृष्ठ दोन रुपये दराने शुल्क ९८,८८० रुपये. शाखेत झेरॉक्सचे एकच यंत्र आहे आणि आम्ही तीन कर्मचारी आहोत. पावसाळ्यापूर्वीची कामेही याच दिवसांत चालू आहेत.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘मागितलेली माहिती व्यापक व मोघम स्वरूपाची असल्याने कलम ७ (९) अन्वये अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ असा मसुदा तयार करून दिला आहे. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की लाखभर रुपयांचे शुल्कपत्र पाठवावे, म्हणजे अर्जदार परत येणार नाही. दोन्ही पत्रांवर सही करण्यास माझे मन धजावत नाही. मात्र शाखेचे काम बंद ठेवून पन्नास हजार प्रती काढणेही मला शक्य नाही. अर्ज येऊन आज अकरा दिवस झाले आहेत. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त अभिलेखपाल, नेरूळ

आपले मन धजावत नाही हे योग्यच आहे, कारण त्या मसुद्यात कलम ७ (९) चा जो अर्थ लावला आहे तो त्या कलमात नाही. माहिती ज्या स्वरूपात मागितली असेल त्याच स्वरूपात ती सर्वसाधारणपणे द्यावी, मात्र तसे केल्याने कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडत असेल किंवा मूळ अभिलेखाच्या सुरक्षिततेला वा जतनाला बाधा येत असेल तर तसे करण्याचे बंधन नाही, एवढेच ते कलम सांगते. ते माहितीच्या स्वरूपापुरते आहे. माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये आहेत आणि ‘माहिती फार आहे’ हे त्यांतले कारण नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रीसा आयरिश प्रकरणात हाच भेद स्पष्ट केला होता.

कार्यालयांत याच्या उलट बाजूने हमखास सांगितला जाणारा निकाल म्हणजे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय. ऑगस्ट २०११ मधील त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट व अव्यवहार्य मागण्यांविषयी चिंता व्यक्त केली आणि कर्मचारीवर्गापैकी ७५ टक्के लोकांचा ७५ टक्के वेळ नेहमीची कामे सोडून माहिती गोळा करण्यात जावा अशी परिस्थिती देशाला नको, असे म्हटले. ही चिंता खरी आहे आणि मी स्वतः ती अनुभवली आहे. तथापि, त्याच निकालात परीक्षार्थींना त्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला आहे, हे ती ओळ उद्धृत करणारे सहसा सांगत नाहीत. शिवाय, कार्यालयाकडे नसलेली माहिती नव्याने तयार करून द्यावी लागत नाही, असे त्यात सांगितले आहे. आपल्याकडे तर नस्त्या आहेत, क्रमवार लावलेल्या आहेत आणि त्या आपण मोजल्याही आहेत.

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांपर्यंतचा असावा असे ठरले. आपल्याकडील अर्ज चार ओळींचा असून त्याचा विषयही ओढूनताणून का होईना, एकच म्हणता येतो. त्यामुळे त्या नियमाचा आधार घेऊ नका, अपिलात तो टिकणार नाही.

माझ्या मते आपण याच आठवड्यात अर्जदाराला पत्र पाठवावे. त्यात नस्त्यांची व पृष्ठांची संख्या आणि शाखेतील मनुष्यबळ हे सारे आकडे द्यावेत, सर्व प्रती काढल्यास साधनसामग्री प्रमाणाबाहेर का वळवावी लागेल ते लिहावे आणि अभिलेख अवलोकनासाठी दिवस व वेळ कळवावी. सामान्य प्रशासन विभागाने नोव्हेंबर २०१८ मध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याच्या सूचना जिल्हास्तरीय कार्यालये व महानगरपालिकांना दिल्या आहेत. त्या वेळेचा उपयोग करावा. अवलोकनाचा पहिला तास विनाशुल्क असतो. पत्रासोबत ४१२ कामांची यादी, म्हणजे वर्ष, कामाचे नाव, ठेकेदार, कार्यादेशाची रक्कम व नस्ती क्रमांक एवढे रकाने असलेली, विनामूल्य पाठवावी. कलम ४ (१) (अ) प्रमाणे अभिलेखांची सूची ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे. त्यामुळे त्या यादीचे शुल्क मागणे मला प्रशस्त वाटत नाही.

शुल्कपत्राविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचा गैरवापर मी फार पाहिला. कलम ७ (३) नुसार हिशेबासह शुल्क कळवणे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस माहिती देण्याच्या तीस दिवसांच्या मुदतीत धरले जात नाहीत. परंतु अर्जदाराने खरोखरच पैसे भरले तर ४९,४४० पृष्ठे द्यावी लागतील, हे ते पत्र सुचवणाऱ्यांनी लक्षात घेतलेले नाही. आणि मुदत उलटू दिली, तर कलम ७ (६) प्रमाणे सारे विनामूल्य द्यावे लागेल. कलम २० खालील दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये असतो आणि तो मसुदा लिहून देणाऱ्याला नव्हे, तर सही करणाऱ्याला भरावा लागतो.

उत्तर २ : घणसोलीची रहिवासी

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतील एका धारण तलावाच्या गाळउपशाविषयी मी असाच अर्ज केला होता. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ओहोटीला खाडीत सोडण्यासाठी हे तलाव बांधले गेले. आमच्या तलावात गाळ इतका साठला होता की शेजारच्या गल्लीत दर जुलैमध्ये पाणी शिरू लागले. मी दहा वर्षांची ‘सर्व कागदपत्रे’ मागितली, कारण कामाचे नाव काय असते, नस्ती कोणत्या शाखेत असते आणि मोजमाप पुस्तिका नावाचे काही असते, यांपैकी कशाचीही मला कल्पना नव्हती. ज्याला कपाटात काय आहे हेच ठाऊक नाही, तो माणूस सगळे कपाट मागणार, यात त्याचा दोष किती?

संबंधित कार्यालयाने ‘माहिती विस्तृत व अस्पष्ट’ एवढ्या चार शब्दांत अर्ज नाकारला. प्रथम अपिलाच्या सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी कामांची नोंदवही मागवून माझ्यासमोर ठेवली. मी पंधरा मिनिटांत दोन नस्त्यांवर बोट ठेवले. ६३ पृष्ठे, १२६ रुपये. जे पहिल्याच आठवड्यात होऊ शकले असते त्यासाठी साडेतीन महिने गेले आणि मधल्या काळात एक पावसाळाही गेला.

म्हणून निवृत्त अभिलेखपालांच्या यादीच्या सूचनेला माझे मनापासून अनुमोदन आहे. त्यात मात्र एक भर घालते. अर्जदाराशी फोनवर बोलावेसे वाटले तर जरूर बोला, परंतु ‘तुम्हाला हे कशासाठी हवे आहे?’ असे विचारू नका. कलम ६ (२) प्रमाणे संपर्कासाठी लागणाऱ्या तपशिलाखेरीज कारण सांगण्याचे त्याच्यावर बंधन नाही आणि तसा प्रश्न आला की सामान्य माणूस घाबरतो. ‘कोणता भाग, कोणती वर्षे आधी पाहायला आवडतील?’ असे विचारता येईल. जे ठरेल ते लेखी कळवा. आणि त्याचे नाव ठेकेदारांच्या कानावर जाणार नाही याची काळजी घ्या, ही कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३ : बांधकाम लिपिक, कळवा

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण एक कटू बाजूही मांडली पाहिजे. आमच्याकडे एकच गृहस्थ दरमहा असे अर्ज करतात, अवलोकनाला बोलावले तर येत नाहीत आणि नंतर ठेकेदाराकडे मात्र जातात. अशा अर्जांमुळे प्रामाणिक अर्जदाराचे उत्तर मागे पडते, याचे मला फार वाईट वाटते. तरीही हेतूचा संशय हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक वेळी अवलोकनाची तारीख लेखी कळवतो आणि तो दिवस अनुपस्थितीच्या नोंदीसह नस्तीत ठेवतो. अपिलात हीच नोंद उपयोगी पडते, कारण कलम १९ (५) नुसार नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर असते.

नस्त्या समोर ठेवण्यापूर्वी त्या एकदा चाळून घ्याव्यात. देयकांसोबत ठेकेदारांचे बँक खाते क्रमांक असतात, मजुरांच्या हजेरीपत्रकांना आधारच्या प्रती जोडलेल्या असतात. तेवढा भाग कलम १० प्रमाणे वगळता येतो, पूर्ण नस्ती रोखण्याची आवश्यकता नाही. ४१२ नस्त्या एकदम चाळणे अशक्य आहे, म्हणूनही अर्जदाराने आधी यादीतून निवड करणे सर्वांच्या सोयीचे आहे.

मूळ विचारणा करणारी

सर्वांची ऋणी आहे. आपल्या सूचनेनुसार सतराव्या दिवशी यादीसह पत्र पाठवले. अर्जदार सोमवारी आले. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांनी यादी घरीच लाल पेनाने खुणा करून आणली होती. दोन तासांत त्यांनी नऊ नस्त्या पाहिल्या आणि चार नस्त्यांतील मिळून २१८ पृष्ठांच्या प्रती मागितल्या, ज्या मी ४३६ रुपये शुल्क घेऊन मुदतीत दिल्या. मात्र उर्वरित मागणी त्यांनी सोडलेली नाही. पुढील सोमवारीही आपण येणार असल्याचे त्यांनी लेखी दिले आहे आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता अडचण वेगळीच आहे. त्यांनी खूण केलेली २०१३ मधील एक नस्ती नोंदवहीत आहे, पण अभिलेख कक्षात नाही. सहकारी म्हणतात, ‘उपलब्ध नाही’ एवढेच लिहावे. ते पुरेसे आहे का?

उत्तर ४ : निवृत्त अभिलेखपाल, नेरूळ

पुरेसे नाही. एके काळी कार्यालयात असलेल्या अभिलेखाचा कसून शोध घ्यावा आणि तो न सापडल्यास जबाबदारी निश्चित करावी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात म्हटले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणेही अभिलेखांचे जतन ही कार्यालयाची जबाबदारी आहे. प्रथम त्या नस्तीचे अभिलेख वर्गीकरण, म्हणजे ती किती काळ जतन करायची होती, ते पाहा. मुदत संपून ती नष्ट केली असेल, तर नष्ट केल्याची नोंद नोंदवहीत असली पाहिजे आणि त्या नोंदीची प्रत अर्जदाराला देता येईल. तशी नोंद नसेल, तर ती नस्ती शेवटी कोणाच्या टेबलावर गेली ते नस्ती हालचाल नोंदवहीत सापडते. लेखा शाखा आणि लेखापरीक्षण विभाग यांनाही आजच लेखी विचारा, कारण देयकांच्या आक्षेपावेळी तिकडे गेलेल्या नस्त्या वर्षानुवर्षे परत येत नाहीत. कलम ५ (४) प्रमाणे आपण अन्य अधिकाऱ्यांचे साहाय्य मागू शकता, आणि ते न देणारा अधिकारी त्या मर्यादेत स्वतःच जन माहिती अधिकारी समजला जातो, हे पत्रात अवश्य नमूद करा. अर्जदारांना तोपर्यंत शोध चालू असल्याचे आणि कोणाकोणाला विचारले आहे ते तारखांसह कळवा.