मदत हवी आहे : आजाराची जाणीव आणि मेंदूला दिली जाणारी उत्तेजना

माझ्या धाकट्या भावाला सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. औषधांनी भास बरेच कमी झाले, परंतु आपल्याला आजार आहे हेच त्याला पटत नसल्याने गोळ्या वारंवार बंद पडतात. हा हट्ट नसून मेंदूच्या कार्यातील उणीव असू शकते, हे समजायला आम्हाला फार वेळ लागला. तोवर वाद घालून आम्ही त्याला दुखावलेही. अर्धांगवायूनंतर आपला हात लुळा पडला आहे याचीही जाणीव नसलेल्या रुग्णांसाठी फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये योजलेली 'अ‍ॅनोसोग्नोसिया' (आजाराची जाणीवच नसणे) ही संज्ञा आता अशा स्थितीसाठीही वापरतात.

डोक्यावर इलेक्ट्रोड ठेवून साधारण २ मिलिअँपिअरचा सौम्य विद्युतप्रवाह सुमारे २० मिनिटे देणाऱ्या टीडीसीएसने, किंवा चुंबकीय स्पंदनांनी मेंदूला उत्तेजना देणाऱ्या टीएमएसने, आजाराची जाणीव सुधारते का, यावर संशोधन सुरू आहे. आपल्यापैकी कुणाच्या नात्यातील रुग्णाने हे उपचार घेतले असल्यास, भास कमी होण्यापलीकडे आजाराची जाणीव खरोखर वाढली का आणि ती किती टिकली, हे कृपया सांगावे. भावाला लहानपणी फिट आली होती आणि टीएमएसमध्ये फिटचा अल्पसा धोका असतो. अशा वेळी डॉक्टरांनी काय ठरवले? शिवाय, ज्याला आजारच मान्य नाही, त्याची संमती आपण कशी मिळवलीत?