'सिट-इन'ला मराठीत काय म्हणायचं? ठिय्या, धरणं की अजून काही?

शाळेतल्या मुलांसाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यावर लेख लिहितेय, त्यात १९६० चं नॅशव्हिल (अमेरिकेच्या दक्षिणेतलं शहर) येतं, तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे सिट-इन. सिट-इनला 'ठिय्या आंदोलन' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद

ठिय्या नको, अगदी स्पष्ट सांगतो. ठिय्या म्हटलं की तहसीलच्या दारात सतरंजी टाकून बसलेली माणसं, घोषणा, साहेब बाहेर येऊन निवेदन घेईपर्यंत कुणी उठायचं नाही, म्हणजे वाट अडवणं त्यात आलंच. नॅशव्हिलच्या मुलांना नियमांचा जो कागद दिला होता त्यात दुकानाचं दार अडवायचं नाही, आतली जायची-यायची वाट अडवायची नाही असं स्वच्छ लिहिलं होतं. मारलं तरी हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, ताठ बसायचं, तोंड कायम काउंटरकडे. १३ फेब्रुवारी १९६० ला ही मुलं वुलवर्थ, क्रेस वगैरे दुकानांत गेली, आधी किरकोळ काहीतरी विकत घेतलं (ते पैसे दुकानाला बरोब्बर चालत होते!) आणि मग तिथल्याच खाण्याच्या काउंटरवर, जिथे कृष्णवर्णीयांना वाढत नसत, बसून ऑर्डर दिली. गिऱ्हाईक म्हणून बसली, हे महत्त्वाचं.

आणि लेखात जेम्स लॉसन यांचं नाव घ्याच प्लीज. मार्टिन ल्यूथर किंग सगळ्यांना माहितीयत, लॉसन आपल्याकडे कुणाला ठाऊक नाहीत, आणि हे गृहस्थ जवळजवळ तीन वर्षं आपल्या नागपुरात होते हो! कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात गेले, सुटल्यावर मेथडिस्ट मिशनतर्फे हिस्लॉप कॉलेजात आले, इथे गांधींचा सत्याग्रह अभ्यासला, आणि माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराची (बसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवण्याविरुद्धचा बहिष्कार) बातमी नागपुरात बसूनच पेपरात वाचली. परत गेल्यावर १९५७ मध्ये किंगशी गाठ पडली, ते म्हणाले थांबू नका, दक्षिणेत या. मग नॅशव्हिलला चर्चच्या तळघरात लॉसन यांचे अहिंसेचे वर्ग सुरू झाले. त्या वर्गात काही मुलं गोरे गुंड व्हायची आणि बाकीच्यांना शिव्या द्यायची, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायची, केस ओढायची, खुर्चीवरून ढकलायची, आणि समोरच्याने शांत राहायचं. डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, हे या लढ्यातले विद्यार्थी नेते सगळे तिथे तयार झाले.

प्रतिसाद

मग 'धरणं' का नको? मूळ अर्थ छान बसतो की. पैसे बुडवणाऱ्याच्या दारात सावकार उपाशी बसून राहायचा, देणं फेडलंस तर उठतो. हक्काचंच मागणं आहे ना ते.

प्रतिसाद

मुद्दा चांगलाय, ठिय्यापेक्षा धरणं नक्कीच जवळचं. पण धरणं धरणारा दाराबाहेर बसून मागतो, आणि ही मुलं आत जाऊन ज्या गोष्टीला मनाई आहे तीच करत होती. त्यासाठी महाड आठवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी चवदार तळ्यावर जाऊन पाणीच प्यायलं, अर्ज घेऊन काठावर बसले नाहीत. आपण त्याला सत्याग्रह म्हणतो, मग ह्याला 'बैठा सत्याग्रह' म्हणूया. 'बैठा संप' मराठीत आहेच त्यामुळे कानाला खटकतही नाही. आणि त्या नियमांच्या कागदात शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण लक्षात ठेवा असं लिहिलेलं होतं, तेव्हा 'सत्याग्रह' आपण वरून चिकटवतोय असंही नाही.

प्रतिसाद

पटलं, 'बैठा सत्याग्रह'च लिहिते आणि पहिल्यांदा येईल तिथे सिट-इनही देते. २७ फेब्रुवारीचा प्रसंग घेऊ का, मुलांना झेपेल?

प्रतिसाद

घ्या की! त्या दिवशी गोऱ्या जमावाने मारलं आणि पोलिसांनी अटक मात्र मार खाणाऱ्यांनाच केली, ८१ जणांना. दंड भरायला नकार देऊन मुलं तुरुंगात गेली. लॉसन व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकत होते, त्यांना मार्चमध्ये विद्यापीठाने काढून टाकलं, तेही लिहा. आणि १० मेला त्याच काउंटरवर कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना जेवण वाढायला सुरुवात झाली.