घरच्या रोझरीनंतरचं मनन: टोचणारं वाचावं की नाही?

नगरकरीण (सध्या वसई)

नमस्कार मंडळी. मी माहेरची नगरची, प्रोटेस्टंट घरातली. लग्न होऊन वसईला आले, गिरीजच्या बाजूला, कॅथलिक घरात. नर्स आहे, महिन्यातून बऱ्याच रात्रपाळ्या असतात. हे सगळं सांगते कारण प्रश्नात ते येणारच आहे.

आमच्याकडे रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यानंतर चर्चने त्या दिवसासाठी नेमलेल्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या, उताऱ्यावर पाच मिनिटं मनन. सासरे होते तोवर तेच करायचे, दुपारी ओट्यावर बसून पेन्सिलीने टिपण काढायचे. मागच्या पावसाळ्यात ते गेले. यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, 18 फेब्रुवारीला, रोझरी संपली आणि सासूबाईंनी बायबल सरळ माझ्या हातात दिलं. "तुला मराठी नीट वाचता येतं." मुलं इंग्रजी शाळेतली, नवरा सामवेदी बोलीत बोलणारा आणि वाचनाचा कंटाळा असलेला. उरले मीच.

पहिले दोन दिवस मोबाईलवर आलेलं तयार मनन वाचलं. तुम्हालाही येत असणार. त्यात एक गरुड असतो नाहीतर उकळत्या पाण्यातलं गाजर आणि अंडं असतं, आणि शेवटी हात जोडलेली दोन चित्रं. शुभवर्तमान कुठलंही असो, गरुड तोच. शुक्रवारी पहिल्या वाचनात यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय होता: तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवता, असला उपास मला हवाय का, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा दे. त्यावर गरुड वाचायला जीभ रेटेना. मग वॉर्डातलं सांगितलं. यंदा महाशिवरात्र रविवारी झाली, आमची राख बुधवारी, आणि रमजानही त्याच आठवड्यात सुरू झाला. एकाच पाळीतल्या तिघी जणी तीन तऱ्हांचे उपास करतोय. आमच्यातली रोजा ठेवणारी संध्याकाळी खजुराचा डबा उघडते तो आधी पेशंटच्या नातेवाइकांपुढे धरते, मग स्वतः तोंडात घालते. एवढंच बोलले. सासूबाईंना आवडलं. शेजारच्या काकू दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम यायला लागल्या. म्हणून मी रोज स्वतःचंच बोलायला लागले.

आता अडचण. 27 फेब्रुवारीला, शुक्रवारी, मत्तयाचा पाचवा अध्याय होता. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. सासूबाईंचा धाकटा भाऊ आमच्या वाडीला लागूनच राहतो. मधल्या बांधावरच्या माडांवरून दोघांचं बोलणं बंद आहे, माझ्या लग्नाच्याही आधीपासून. एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्साला (उपासनेला), तो उजवीकडे आणि ही डावीकडे. मी कुणाचं नाव घेतलं नाही, बांध म्हटलं नाही, माड म्हटलं नाही. तरी मनन अर्ध्यावर असताना सासूबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आजपासून ते मोबाईलवरचं वाच. ते बरं असतं."

7 मार्चला, शनिवारी, उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. 10 मार्चला साताच्या सत्तर वेळा क्षमा. म्हणजे हे परत परत येणारच. गरुडाकडे वळू, की जे आहे ते बोलू?

दुसरा छोटा प्रश्न: चहा सोडलाय, पण रात्रपाळीत पहाटे तीनला डोकं फुटायची वेळ येते. पाळीवाले लोक काय सोडता?

वाडीवाला, वसई

ताई, तुम्ही नाव घेतलं नाही म्हणता. घरात चार माणसं, त्यात एकीचंच भावाशी भांडण, आणि शेजारच्या काकू ऐकायला बसलेल्या. नाव घ्यायचं राहिलंय काय?

राग मानू नका. वसईतल्या निम्म्या घरांत असा एक बांध आहे. जमिनीला भाव आला, बावखलं (गोड्या पाण्याची तळी) बुजली, पूर्वी ज्या कोपऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं त्याची मोजणी यायला लागली. माझ्याच घरात चुलत्यांशी अशी वर्षं गेली. ते मिटलं ते मननाने नाही. मोजणी झाली, दोन्ही घरची पोरं नकाशा घेऊन उभी राहिली, हद्दीचे दगड लागले, मग बोलणं सुरू झालं.

शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला सासूबाई जात असतीलच. चौदा स्थानं, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकून आपल्या पापांबद्दल काय काय म्हणतो आपण. तिथून कुणी उठून जात नाही, कारण तिथं सगळेच एका रांगेत असतात. घरातल्या मननात तुम्ही बोलणार आणि त्या ऐकणार. त्यात तुम्ही सून. हे वजन विसरू नका. सासरे हेच बोलले असते तर त्या बसून राहिल्या असत्या, कदाचित भांडल्या असत्या, पण उठल्या नसत्या.

सांगायचं ते स्वतःबद्दल सांगा. तुमचं कुणाशी वाकडं नाही का? नसेल तर तो शुक्रवार नुसतं वाचून सोडायचा.

चहाचं: चर्चचा सक्तीचा उपास फक्त राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), तोही वयाची अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. आजारी माणसाला आणि अंगमेहनतीच्या कामाला सूट असते. बाकी आपण आपल्या मर्जीने सोडतो. इंजेक्शन देणाऱ्या बाईने डोकं दुखवून घेण्यात पेशंटचा काय फायदा?

निवृत्त बाई, अहिल्यानगर

अगं पोरी, माहेरची आठवण कर. आपल्याकडे लेंटमध्ये, म्हणजे उपवासकाळात, आठवड्यातून एकदा घरोघरी प्रार्थनासभा व्हायच्या. बोलणारा एक असायचा, पण त्याच्या आधी अर्धा तास पेटी-तबल्यावर भजनं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं म्हणताना भांडलेल्या दोन जावा एकाच पुस्तकात बघून गायच्या, कारण पुस्तकं कमी. बोलणं कमी कर आणि गाणं वाढव. गाताना कुणी कुणाकडे बघत नाही.

उधळ्या पुत्राबद्दल एक सांगते. चाळीसेक वर्षं मुलांना शिकवलं, त्यात ही गोष्ट पुष्कळदा. सगळे धाकट्याचं सांगतात: डुकरं, शेंगा, मिठी, कापलेलं वासरू. थोरला शेवटी अंगणात उभा असतो. बाप बाहेर येऊन विनवतो. थोरला आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेलंच नाही. पंधरावा अध्याय तिथंच संपतो. तूही तिथंच थांब. "मग तो आत गेला का?" एवढा प्रश्न विचार आणि बायबल मीट. उत्तर कुणी दिलं तर ऐक, नाही दिलं तर स्वयंपाकाला लाग.

आणि परवाचा तो उतारा परत बघ. "तुझा भाऊ चुकला असेल तर" असं तिथं नाही. "त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर" असं आहे. बांध कुणाचा, हा प्रश्न तिथं येतच नाही. म्हणूनच तो जड जातो. सासूबाईंना तो समजला नाही असं समजू नकोस. समजला म्हणूनच उठल्या.

साष्टीकर

वरच्या बाईंशी सहमत. आमच्या गोव्यातल्या राशोलला 1616 साली स्टीफन्सबाबांचं ख्रिस्तपुराण छापलं, रोमन लिपीत, अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या. माणूस मूळचा इंग्लंडचा. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना मोठ्याने वाचायला काहीतरी हवं होतं, म्हणून हे लिहिलं. उपदेशही आहे त्यात, पण लोकांनी ते जपलं ते गोष्टीसाठी.

यंदाचे रविवारही गोष्टींचेच आहेत. 8 मार्चला विहिरीवरची शोमरोनी बाई, 15 ला जन्मांध, 22 ला लाजर. तिन्ही योहानातले, तिन्ही लांबलचक. नुसतं सावकाश वाचलं तरी पाच मिनिटं कुठल्या कुठे जातात. मनन हवंच कशाला?

गोराईचा

मला वरचं कुणाचंच पटत नाही. सगळे मिळून ताईंना गप्प बसायला सांगताय. यशयाला कुणी म्हणालं का, की बाबा रे, जरा गाणं म्हण? राखेच्या बुधवारी योएल संदेष्टा ऐकतो आपण, कपडे नको, काळीज फाडा. मग काळजाला जरा ओरखडा आला की मोबाईलवरचं वाच म्हणायचं? आमच्याकडे इंत्रूजला, उपवासकाळाच्या आधीच्या सणाला, जेवढा दंगा, तेवढंच दुसऱ्या दिवसापासून कडक. मटण सोडलं, दारू सोडली, लग्नं थांबवली, आणि भावाशी अबोला मात्र पास्कापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, जपून ठेवला, तर काय सोडलं?

माझं मत: शनिवारी मनन करू नका. मामांकडे जा. तुम्ही दोघं नवरा-बायको, हातात केळ्यांचा एक फणा. भांडण तुमचं नाही, त्यामुळे जायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

वाडीवाला, वसई

गोराईकर, वाडीला लागून राहणाऱ्या माणसाकडे केळी घेऊन गेलात तर तो विचारेल, कुठल्या बाजूची? थट्टा सोडा. सून परस्पर मामाकडे गेली तर सासूबाईंना ते बांधापेक्षा जास्त लागेल. त्यांना विचारून जाणं वेगळं.

नगरकरीण (सध्या वसई)

सगळ्यांची आभारी आहे. गोराईचे दादा, मनातलं बोललात, पण वाडीवाले दादा म्हणतात ते वजन मला रोज दिसतं, तुम्हाला तिकडून दिसायचं नाही.

काल नाइट उतरून आले तेव्हा सासूबाई ओट्यावर फुलं निवडत होत्या. मी सरळ विचारलं की शनिवारचं शुभवर्तमान उधळ्या पुत्राचं आहे, काय करू. म्हणाल्या, ते माहीत आहे, दरवर्षी असतं. मग बराच वेळ फुलंच. मग म्हणाल्या, वाच, पण बोलू नकोस, आणि काकूंना म्हणावं शनिवारी त्यांच्या घरी करा रोझरी. तर तसं ठरलंय. वाचणार धाकटी, तिला मराठी वाचायचा सराव हवाच आहे. बाईंचा प्रश्न मी विचारणार नाही. मुलगी दहा वर्षांची आहे, ती स्वतःच विचारेल अशी मला दाट शंका आहे.

मामांकडे जायचं तर सासूबाईंना विचारून, आणि तेही पास्काच्या आधी की नंतर, ते नवऱ्याने ठरवायचं. भाचा तो आहे. त्याला हे सगळे प्रतिसाद वाचायला दिलेत. वाचून म्हणाला, मोजणीचा अर्ज करायला काय लागतं ते वाडीवाल्यांना विचार.

दादा, सांगाल का?

चहा परत सुरू केलाय, बिनसाखरेचा. साखरेचे पैसे चर्चमधल्या उपवासकाळाच्या डब्यात जातात. फार होत नाहीत.