सर्पदंशाच्या ट्रायलचा डेटा जर्नलला द्यायचा, पण फक्त नावं काढून पुरेल का?

समन्वयक, सिंधुदुर्ग
आमच्या रुग्णालयात फुरसं चावलेल्या ५८ रुग्णांवर एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या उताऱ्याच्या, दोन डोसांची तुलना झाली. पेपर पाठवलाय, आणि आता जर्नल विचारतंय की रुग्णनिहाय डेटा इतरांना देणार का. सर म्हणतात, नावाचा आणि फोनचा कॉलम उडव आणि एक्सेल चढव. माझा हात पुढे जात नाहीये.

शीटमध्ये वाडी आहे, वय आहे, दंशाची तारीख-वेळ आहे. ३१ नंबरची रुग्ण गरोदर होती, काजूच्या बागेत पाचोळा गोळा करताना चावलं. त्या वाडीत त्या आठवड्यात दुसरं कोणालाच चावलेलं नाही. नाव काढलं तरी अख्खी पंचक्रोशी तिला ओळखेल. अंगठा देताना तिने मला विचारलं होतं, "माझा नाव खंय जावचा नाय मा?" मी नाही म्हणाले होते.

डेटा मॅनेजर, पुणे
ताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे. आधी एक गैरसमज काढू. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १ जुलै २०१८ पासून मागितलंय ते निवेदन: डेटा देणार की नाही, कोणता, कोणाला, कधी. "देणार नाही" हेही त्यांना चालतं. १ जानेवारी २०१९ला किंवा त्यानंतर रुग्ण घ्यायला सुरुवात झालेल्या ट्रायलची ही योजना नोंदणीतच असावी लागते. सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या नोंदणीच्या वेबसाइटवर, तुम्ही काय भरलंय ते आज बघा. पेपरात वेगळं लिहिलंत तर अडकाल.

आता शीट. मूळ फाइलला हात लावू नका, प्रत काढा. तारखा सगळ्या पुसून दंशाचा दिवस ० धरा: दाखल दिवस ०, डिस्चार्ज दिवस ४. वेळेऐवजी दंशानंतर किती तासांनी आले ते ठेवा, विश्लेषणाला तेच लागतं. वाडीच्या जागी तालुका. वय पाच-पाच वर्षांच्या गटात. रुग्ण क्रमांक नव्याने, उलटसुलट क्रमाने द्या, आणि जुना-नवा जोडणारी यादी सरांच्या कपाटात कुलुपात. मग तालुका, वयोगट, लिंग यांचं पिव्हट (एक्सेलमधला गटवार मोजणीचा तक्ता) लावून कुठे एकटाच माणूस उरतो ते मोजा.

अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी १९९०च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येण्याची शक्यता होती. आपली वाडी तर त्यांच्या पिन कोडपेक्षा कितीतरी लहान.

निवृत्त शिक्षिका, एका एथिक्स कमिटीवर सामान्य सदस्य
संमतीपत्रात नेमकं काय लिहिलं होतं? "माहिती गुप्त राहील" एवढंच असेल, तर पुढे देण्याचा निर्णय तुम्ही किंवा सरांनी परस्पर घेऊ नये. कमिटीला पत्र द्या, सोबत साफ केलेल्या शीटचा नमुना जोडा. आम्ही पुढच्या ट्रायल्सच्या मराठी संमतीपत्रात यासाठी वेगळा चौकोन घालायला लावतो. त्यावर खूण केली नाही तरी उपचार तेच मिळतात.

पण घाबरून सगळं बंद करू नका, बाळ. फुरशाच्या डोसाचा डेटा दुसऱ्या डॉक्टरांच्या कामाला यावा, म्हणूनही लोकांनी तुमच्याकडे रक्त दिलंय.

डेटा मॅनेजर, पुणे
मॅडमशी सहमत. मधला रस्ताही आहे: फाइल उघड्यावर न ठेवता, मागणाऱ्याने प्रश्न लिहून द्यायचा, ओळख न शोधण्याचा करार करायचा, मग द्यायची. ट्रायल्सचा डेटा वाटून देणारं व्हिवली हे व्यासपीठ २०१८ पासून असंच चालवतं. आणि हो, शेऱ्याचा कॉलम वाचलात का?

समन्वयक, सिंधुदुर्ग
आत्ता वाचला. १७ नंबरला माझ्याच अक्षरातून टाइप झालंय: "सरपंचांची सून, रात्री रिक्षातून आणली." शेऱ्याचा कॉलम पूर्ण काढला. पिव्हटमध्ये ९ जण एकटे उरले. वयोगट दहाचे केल्यावर ३. त्यात ३१ नंबर आहेच, म्हणून गरोदरपणाचा कॉलम बाहेर जाणार नाही, पेपरात फक्त एकूण आकडा. सीटीआरआयवर "विनंतीनुसार" भरलेलं सापडलं. सरांना दोन्ही शीट शेजारी ठेवून दाखवल्या. ते बराच वेळ पाहत बसले, मग म्हणाले, कमिटीचं पत्र तूच लिही. सोमवारी देतेय.