मदत हवी आहे: खुराड्यात खाली काय घालू? सगळं ओलं होतंय

गारठलेला_गणपा
सरळ मुद्द्यावर येतो. खुराड्यात पेंढा घातलाय. दर चार दिवसांनी बदलतो, तरी दोन दिवसांत त्याचा चिकट गोळा होतो. सकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबतं. काल पांढरीच्या तुऱ्याची टोकं काळी पडलेली दिसली. तूस, भुसा, वाळू, काय घालायचं ते एका शब्दात सांगा. यूट्यूबवर जो तो वेगळंच सांगतो आणि मला शनिवारी सामान आणायला जायचंय.

शेडवाले_आबा
भाताचा तूस. झाला एक शब्द. (बरं, दोन.) वीस वर्षं शेड आहे आपली. तीन इंच तूस, वरून चुन्याची भुकटी, आणि दाताळ्याने रोज खालीवर. गादी भुसभुशीत राहिली की वास नाही. पक्षी किती? गाव कुठलं? निफाडकडचे असाल तर रात्री पडदे सोडत जा.

गारठलेला_गणपा
आबा, मिनेसोटा. सांगितलं नव्हतं का? सहा कोंबड्या. आज सकाळी उणे २६ होतं. तूस इथे घरी बिअर बनवणाऱ्यांच्या दुकानात पाकिटातून मिळतो, तो खुराड्यात ओतायचा म्हणजे बदाम ओतल्यासारखं.

खवय्या_०७
उणे २६ फॅरनहाइट की सेल्सिअस?

गारठलेला_गणपा
सेल्सिअस. काय फरक पडतो, गोठलंच आहे सगळं.

निलेश_टेक्सास
२५० वॅटचा लाल दिवा टांगा, विषय संपला. ऊब येईल, ओल वाळेल, पेंढाही बदलायला नको.

विनिपेगची_वहिनी
निलेश, टेक्सासातून उणे २६चे सल्ले देऊ नका. वाळका पेंढा, हवेत तरंगणारी पिसं आणि तापलेला दिवा एका लाकडी खोक्यात! कोंबडी उडून दिव्याला धडकली की खुराडं जातं, आणि ते घराला लागून असेल तर घरही. शिवाय रात्री वीज गेली की उबेची सवय लागलेल्या कोंबड्यांना एकदम कडाका. कोंबडीचं अंग ४१-४२ अंश गरम असतं, पिसं फुगवून ती थंडी काढते. तिला मारते ती ओल.

गणपा, एक सांगा. सकाळी खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरलेला असतो का? आणि झरोके किती, कुठे?

निलेश_टेक्सास
आमच्याकडे २०२१च्या फेब्रुवारीतल्या कडाक्यात काय झालं ते माहीत नसावं तुम्हाला. दिवे होते म्हणून वाचल्या आमच्या.

शेडवाले_आबा
तेव्हा तर तुमच्याकडे वीजच गेली होती म्हणे, पेपरात वाचलं होतं. दिवे कशावर चालले?

निलेश_टेक्सास
जनरेटर.

अंडाप्रेमी_अमेय
हिवाळ्यात अंडी कमी होतात त्याचं कारण उजेड. दिवस १४ तासांच्या आत आला की कोंबडी अंड्यांना मंदावते. पहाटे टायमरवर साधा बल्ब लावा, मात्र एकदम नको, आठवड्याला थोडा थोडा वेळ वाढवत न्या.

गारठलेला_गणपा
अमेय, अंड्यांचं विचारलंच नाही मी.

वहिनी, हो, काचेला आतून बर्फाची नक्षी असते, नखाने खरवडली की भुगा पडतो. झरोके दोन आहेत, छपराखाली, समोरासमोर. पण ते ऑक्टोबरमध्येच बंद केले. प्लास्टिक लावून फटींना टेप मारली. थंडी आत यायला नको म्हणून. साहजिक आहे ना?

विनिपेगची_वहिनी
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं हो!

कोंबडीला वेगळी लघवी नसते, सगळं पाणी शिटेतून आणि श्वासातून बाहेर पडतं. सहा जणींचं रात्रभराचं पाणी तुम्ही टेप लावून आत कोंडलंय. तेच काचेवर, तेच पेंढ्यात आणि तेच पांढरीच्या तुऱ्यावर गोठून टोकं काळी पडली. पहिल्या हिवाळ्यात मीही हेच केलं होतं, वर ब्लँकेटं ठोकली होती. आमच्या कोंबड्याच्या तुऱ्याची तीन टोकं गळून पडली.

आज रात्रीच टेप काढा. झरोका दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवा, म्हणजे ओली हवा वरून जाते आणि अंगावर वारा येत नाही. दांडीशी हात धरून बघा, पिसं हलत असतील तर तिथलं खालचं भोक बुजवा, वरचं नाही. काळी टोकं चोळू नका, कापू नका, आपोआप गळतील.

आता तुमचा प्रश्न. पाइनच्या शेव्हिंग्ज घ्या, सुताराच्या रंध्याखाली पडतात तशा. बारीक भुसा नको, धुरळा होतो. सीडरच्या लाकडाच्या नकोत, त्याच्या उग्र वासाचा पक्ष्यांच्या छातीला त्रास होतो. पेंढ्यावरून पाणी निसटतं आणि खाली ओल साचून राहते. वाळू तुमच्याकडे काँक्रीट होईल. आणि दांडीखाली एक फळी बसवा. रात्रीची शीट तिच्यावर पडते, सकाळी गोठलेली असते, खरवडली की टणाटण बादलीत. निम्मी ओल तिथेच गेली.

शेडवाले_आबा
फळी कशाला? गादी चांगली बारा इंच होऊ द्या, खाली कुजत राहते आणि ऊब देते. शेव्हिंग्ज चालतील, पण चुना विसरू नका.

विनिपेगची_वहिनी
आबा, तुमच्या शेडमध्ये हजारो पक्षी. सहा कोंबड्यांची गादी उणे २६ला कुजत नाही, तिची वीट होते. मार्चमध्ये पहार घेऊन काढली आहे मी. चुन्याने वास कमी होईल असंही नाही, ओल्या गादीत अमोनिया उलट जास्तच सुटतो.

शेडवाले_आबा
थंडीचं तुम्ही म्हणता तर तुम्ही. चुन्याचं मान्य नाही.

खवय्या_०७
पांढरी म्हणजे लेगहॉर्न जातीची ना? एवढा मोठा तुरा त्या हवेत टिकायचा कसा! शँटेक्लेर घ्या, क्वेबेकमधल्या ओकाच्या मठातल्या ब्रदर विल्फ्रिड यांनी खास थंडीसाठी तयार केलेली जात आहे, तुरा जेमतेम दिसतो. अवांतर: लेगहॉर्नचा रस्सा कधी करून पाहिलाय का कुणी?

गारठलेला_गणपा
पांढरी मुलीची आहे. रश्श्याचा विषय इथे नको.

काल रात्री टेप काढली. बायको म्हणाली, मारशील त्यांना. आज उणे २२, सहाही दांडीवर फुगून बसलेल्या. काचेच्या फक्त कोपऱ्यात बर्फ होता. डोळ्यांना झोंबलं नाही, नाकाला थोडं जाणवलं. शेव्हिंग्जचे दोन गठ्ठे आणलेत, फळी उद्या कापतो. पण पाण्याच्या बादलीभोवती अजून चिखल आहे.

विनिपेगची_वहिनी
बादली? आत? उघडी??

गारठलेला_गणपा
हो. बाहेर गोठते म्हणून आत ठेवली. रोज सकाळ-संध्याकाळ कढत पाणी ओततो तिच्यात. का?