ब्रिजमधला वाद: सात पॉइंट, चार बदाम, इस्पिकचं सिंगलटन (एकच पान). पार्टनरच्या एक बदामवर दोन की तीन?

बिनहुकूम: 'पार्टनरने एक बदाम उघडला की पॉइंट मोजा, दहाच्या आत असाल तर दोन बदाम, बाकी सगळा जुगार.' उतारी यांचं हे वाक्य वाचून राहवलं नाही. ही पानं घ्या: इस्पिक ६, बदाम राजा-९-७-४, चौकट एक्का-८-५-३-२, किलवर १०-७-३. पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) ७. इथे दोन बदाम (आठ हातांची बोली; तीन म्हणजे नऊ) म्हणजे पार्टनरची चक्क फसवणूक! हुकमाची चार पानं असताना सिंगलटनचे ३ धरायचेच. झाले १०. लूझर (प्रत्येक रंगात वरच्या तीन पानांपैकी हरणारी) मोजा: इस्पिक एक, बदाम दोन, चौकट दोन, किलवर तीन. आठ. पार्टनरच्या साध्या ओपनिंगचे (पहिल्या बोलीचे) सात. नियमाप्रमाणे २४ मधून दोघांचे १५ गेले, उरले नऊ हात. म्हणून तीन बदाम.

उतारी: वजाबाकी मलाही येते. पार्टनरकडे इस्पिकचे राजा-राणी-गुलाम निघाले तर? सिंगलटनसमोर ६ पॉइंट कुजले. माझ्या पार्टनरने असल्याच पानांवर तीन लावले, मी चार बोललो (दहा हात, म्हणजे गेम). वल्नरेबल (बुडाल्यास दंड आणि गेमचा बोनस दोन्ही जास्त), वर समोरच्यांचं डबल (दंड वाढवणारी बोली), दोन हात बुडालो. उणे ५००.

बिनहुकूम: एका डावावरून नियम काढता? टीममध्ये वल्नरेबल असताना दहा हात होतात आणि तुम्ही गेमच्या खाली थांबलात, तर ६२० विरुद्ध १७०. फरकाचे दहा इम्प (टीम स्पर्धेतले गुण) गेले. गेम लावून एक हात बुडालात तर उणे १०० विरुद्ध १४०, म्हणजे सहाच. सोळात सहा वेळा गेम बसला तरी बरोबरी होते.

तिर्री: पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत, जिथे फरक किती ते नाही, कोण पुढे एवढंच मोजतात) हे गणित लागू नाही. तिथे निम्म्याहून जास्त वेळा बसत असेल तरच गेम. पण खरा रोग वेगळाच आहे. मिनिटभर छताकडे बघून मग 'दोन बदाम' बोलणारे! पानं तीनच्या जवळची होती हे सगळ्या टेबलाला कळतं आणि ओपनर (पहिली बोली लावणारा पार्टनर) बेधडक चार लावतो. ब्रिजच्या सोळाव्या कायद्यात हे बसत नाही.

उतारी: विचार करणं आता गुन्हा झाला का?

तिर्री: नीट वाचा. विचार हवा तितका करा. त्या थांबण्यावरून पार्टनरने बोली ठरवायची नाही. एका स्पर्धेत आमच्याविरुद्ध हेच झालं. डायरेक्टर (स्पर्धेचे पंच) आले, तर समोरचे म्हणतात, 'मी नाहीतरी चार बोललोच असतो.' निकाल आमच्या बाजूने लागला. तेव्हापासून ते गृहस्थ माझ्याशी बोलत नाहीत.

उतारी: म्हणजे माझ्यावर चोरीचा आळ घेताय? शब्द जपून वापरा.

बिनहुकूम: आळ कोणी घेतला नाही. पण लूझर मोजायची सवय असेल तर या पानांवर मिनिटभर थांबायची वेळच येत नाही.

उतारी: बरं. टीम, वल्नरेबल आणि हुकमाची चार पानं असतील तर तीन. तीनच हुकूम असतील तर मी दोनच बोलणार, सिंगलटन असो वा नसो.

बिनहुकूम: तीन हुकमांवर मीही दोनच बोलतो. तेवढं आधीच लिहिलं असतंत तर मी उत्तर द्यायलाच आलो नसतो.